धुतलेली पिल्लं

सकाळभर डक्टमध्ये ड्रिल चाललं होतं आणि मी कॉलवर सारखी स्वतःला म्यूट करत होते. ड्रिल थांबलं तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची. कंपनीने शुक्रवारी घरून काम करायची मुभा द्यावी आणि सोसायटीला नेमक्या त्याच शुक्रवारी कबुतरांच्या जाळ्या बसवायचं सुचावं, यात नवल काही नव्हतं; वाघोलीत शांतता मिळेल असं मला कोणी कबूल केलेलं नव्हतं. पलीकडचा माणूस कुठल्याशा स्क्रीनवरचं बटण अजून निळं का झालं नाही ते विचारत होता, आणि मी "येस, वी विल चेक" म्हणत असतानाच बाथरूमच्या बाजूने तो आवाज आला. घसा खरवडून काढलेला, लांब, मध्येच तुटणारा आणि पुन्हा सुरू होणारा. मी हेडफोन काढला. तो आवाज थांबला की त्याखाली दुसरा, अगदी बारीक, सुईच्या टोकासारखा. एक बाहेरचा आणि एक आतला. मी कॉल तसाच सोडून बाथरूमकडे धावले, कारण त्या दोन आवाजांच्या मध्ये काय आलं होतं ते मला ठाऊक होतं.

माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. बाथरूमच्या खिडकीबाहेर डक्ट, म्हणजे पाइपांची उभी पोकळी, आणि खिडकीखाली हातभर रुंद स्लॅब. त्या स्लॅबवर कोणा प्लंबरचं विसरलेलं गोणपाट पडलं होतं आणि त्यावर एका करड्या पट्ट्यांच्या मांजरीने पिल्लं घातली होती. डक्टची समोरची बाजू उघडी. तिथून पार्किंगच्या पत्र्यावर उतरता येत असे. तोच तिचा जिना. आंघोळीला गेले की काचांच्या फटीतून मला ती दिसायची, आडवी पडलेली, तीन ओले गोळे पोटाला लावून, आणि माझ्याकडे अशी बघायची की बादलीचा आवाजही जपून करावासा वाटे. मी तिला बाई म्हणायचे. बाई, जेवलीस का, असं म्हणून फटीतून चपातीचा दुधात बुडवलेला तुकडा टाकायचे. पाच वर्षं पुण्यात राहून माझ्याकडून घरात एवढं मोकळं बोलणं दुसऱ्या कोणाशी झालं असेल असं वाटत नाही. आणि आज ती खायला शोधायला गेली असताना समोरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत हिरवी नायलॉनची जाळी ताणून बसवलेली होती. ती जाळीच्या बाहेर पत्र्यावर उभी होती, पंजे जाळीत अडकवून. पिल्लं आत, ड्रिलच्या सिमेंटच्या भुकटीत आणि वरून पडलेल्या कबुतरांच्या घाणीत माखलेली, तोंडं उघडून डोकी हलवत होती. डोळे अजून मिटलेलेच होते.

जाळी कापायला फरशी पुसायच्या काठीला कात्री बांधून पाहिली. पोचली नाही. मग तशीच, पायात घरातल्या सपाता, खाली चेअरमन अनंतरावांकडे गेले. पेठेतून इथे राहायला आलेले निवृत्त गृहस्थ, दारातच उभे राहून बोलतात, आत या म्हणत नाहीत. ते कोणालाच म्हणत नाहीत हे मला माहीत आहे, तरी दर वेळी ते माझ्याच मनाला लागतं.

"काका, जाळीच्या आत मांजरीची पिल्लं राहिलीत. एक कोपरा सोडवून घ्यायला हवा."

"पिल्लांनी अर्ज केलाय का?"

"डोळे पण उघडले नाहीत हो त्यांचे अजून."

"म्हणजे आपण त्यांच्या वतीने आलात. छान. असं आहे, जाळी सर्वानुमते लागली. आपण भाडेकरू, आपल्याला सभेला येता येत नाही. मांजरांनाही येता येत नाही. आता ती माणसं गेली, सोमवारी पलीकडच्या विंगला येतील तेव्हा बघू."

"सोमवारपर्यंत मरतील ती."

"निसर्ग असतो अहो," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. रागाने नाही, अगदी हळू, कडीचा आवाज होऊ नये अशा बेताने.

जिना चढताना मला रडू आलं. चीड आली होती ती त्यांची नव्हती. त्यांच्यासारखी माणसं मला चांगली सवयीची आहेत. हा फ्लॅट घेताना एजंटने माझं नाव विचारलं, उत्कर्षा म्हणाले, तर म्हणाला छान, पुढे? पुढचं सांगितल्यावर तो थोडा थांबला आणि मग फारच गोड बोलू लागला. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती ठेवली आहे, ती सगळ्यांना चालते, मॉलमध्येही मिळते. शेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे तो पाहिला की पाहुण्यांचा चहा लवकर संपतो. तर ते जाऊ दे. मला चीड आली ती अशी की मी सकाळी ड्रिलचा आवाज ऐकत होते, तासन्‌तास ऐकत होते, आणि दर वेळी फक्त म्यूटचं बटण दाबत होते. एकदा उठून खिडकीपाशी गेले असते तर. पण पलीकडचा माणूस निळ्या बटणाबद्दल बोलत होता, आणि कोणी बोलत असताना उठून जायचं मला जमत नाही. शहाण्या मुलीसारखं बसायचं, नीट उत्तर द्यायचं, हे मला इतकं जमतं की त्याच्यावर माझा पगार चालतो.

खिडकीच्या काचा एकेक करून चौकटीतून ओढून काढल्या. एक हातात फुटली. दंड आत घालून, गाल भिंतीला चिकटवून, चाचपडत एकेक पिल्लू उचललं. हाताला इतकी हलकी लागत होती ती. एक करडं, आईसारखं. एक पांढऱ्यावर ठिपके. आणि एक काळं, सगळ्यांत लहान, त्याच्या पोटाला नाळेची वाळकी काडी अजून लोंबत होती. घाणीने त्यांचे केस चिकटून टोकदार झाले होते आणि नाकांवर सिमेंट होतं. पत्र्यावरून ती हे सगळं बघत होती, मी पिल्लं आत घेतल्यावर तिचा आवाज बदलला, बारीक झाला, विचारल्यासारखा. "आणते बाई, आणते खाली, तुझीच आहेत," असं मी मोठ्याने म्हटलं. आणि मग माझ्या हातांनी जे केलं त्यात माझा विचार कुठेच नव्हता. गीझर लावला. टबात कोमट पाणी घेतलं. बेसिनखालची जंतुनाशकाची बाटली काढली आणि टोपणभर औषध पाण्यात ओतलं, पाणी दुधासारखं झालं, आणि मी ती पिल्लं त्यात एकेक बुडवून बोटांनी चोळून, मानेखाली, पायांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी, स्वच्छ धुऊन काढली. ती ओरडत होती तर मी म्हणत होते, झालं झालं, झालंच. नव्या टॉवेलने टिपली. बुटांच्या खोक्यात ठेवली. इतकी सुंदर दिसायला लागली की माझा मलाच अभिमान वाटला. आता बघू कोण नावं ठेवतं, असं काहीतरी तेव्हा मनात आल्याचं मला पक्कं आठवतं.

पार्किंगमध्ये खांबामागे खोकं ठेवून मी लांब जाऊन बसले. पिल्लांचा आवाज ऐकून ती पत्र्यावरून उडी मारून धावत आली, पोट हलत होतं, सड दुधाने ताठ झालेले दिसत होते. तिने खोक्यात तोंड घातलं. आणि झटका बसल्यासारखं मागे घेतलं. ओठ वर ओढले, शिंकली, नाक पंजाने पुसलं. पिल्लं ओरडली तशी पुन्हा वाकली, पुन्हा मागे सरली. आवाज तिच्या पिल्लांचा होता आणि वास दुसऱ्याच कशाचा तरी. तिने खोक्याभोवती एक फेरी मारली, माझ्याकडे पाहिलं, आणि वळून सरळ पत्र्यावर चढली. जाळीशी गेली. आतल्या रिकाम्या गोणपाटाकडे तोंड करून ती पिल्लांना हाका मारायला लागली. खाली खोक्यात पिल्लं तिला ओ देत होती, आणि ती तिकडे बघत नव्हती.

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. फोनवर शोधलं तर तिथेही तेच, नवजात पिल्लांना धुऊ नये, ती गारठतात, आणि जंतुनाशक मांजरांना विषारी असतं. सुदर्शनचे, म्हणजे माझ्या मॅनेजरचे, मेसेज वर येत होते, कुठे आहेस, क्लायंट वाट बघतोय. मी ते बाजूला सारून आईला फोन लावला. का ते सांगता येणार नाही. आई अकोल्यात असते, माझा भाऊ जवळच राहतो. तिचं, सुंदराबाईचं, नाव काढलं की आजही तिकडच्या दवाखान्यात जुनी माणसं ओळखतात; तीस वर्षं तिने तिथे आयाचं काम केलं.

"काय वं, आज हापिस नाई?" आई म्हणाली. "आवाज काऊन असा येऊन रायला?"

मी तिला सगळं सांगितलं. पुण्यात आल्यापासून माझी भाषाही धुऊन निघाली आहे, आईशीही मी आता अशीच छापील बोलते, आणि ती कधी तक्रार करत नाही.

"दवाई टाकून धुतलं काय तू त्याईले?"

"हो."

"किती टाकली?"

"टोपणभर. तू टाकायचीस तेवढीच."

मी दुसरीत असेन, एका मैत्रिणीकडे भातुकली खेळायला गेले होते आणि निघताना पाहिलं की तिच्या आजीने मी बसले होते ती सतरंजी उचलून मोरीत टाकली. घरी येऊन आईला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, त्यांच्याकडे सतरंजी रोज धुतात अशी नवलाची बातमी म्हणून. आई तेव्हा भाकऱ्या थापत होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या आंघोळीच्या पाण्यात टोपणभर औषध पडायला लागलं. नारळाच्या काथ्याने ती मला घासायची, कोपरं, घोटे, कानांच्या मागे, कातडी लाल होईपर्यंत, आणि घासताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. वर्गात मुली म्हणत हिला दवाखान्याचा वास येतो. आईलाही तोच यायचा. ड्यूटीवरून आली की पदराला, केसांना, हातांच्या भेगांना तोच. मी रात्री तिच्या कुशीत नाक खुपसून निजायचे तेव्हा आम्हा दोघींना एकच वास असायचा आणि त्या वासाखाली आई कुठे आहे ते मला शोधून सापडायचं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही. पार्किंगमध्ये कोणाच्या तरी स्कूटरला टेकून मी ते आईलाच सांगून टाकलं.

"आई, मला तुझा वास आठवतच नाही गं. फक्त औषधाचा आठवतो."

पलीकडे आईने पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"माहा वास कोनाले पायजे होता, माय?" आई म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. "तू लोकाईच्या घरात बसली पायजे, एवढंच माह्या डोक्यात होतं. तू रडे, आन मी घासो. मले का बरं वाटे?" मग लगेच, "पाय बाई, काई बी कर, पन त्याईले तिच्यापाशी ने. लेकरं हाये तिची."

खोकं उचलून मी धावत वर गेले. पिल्लं आता ओरडत कमी होती, आणि तेच जास्त वाईट होतं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्याखाली ठेवली, नुसत्या कोमट पाण्याने बोळा भिजवून ते औषध पुसून काढायचा प्रयत्न केला, पण तो वास जाणारा नव्हता, मला ते कोणी सांगायला नको होतं. मग पुन्हा खिडकीत दंड घातला आणि ते गोणपाट ओढायला लागले. ते पाइपाच्या क्लॅम्पला अडकलेलं होतं. चौकटीच्या पत्र्याने कोपरापासून वर कातडी सोलत गेली तरी मी ओढत राहिले. मेल्या, ये ना, ये ना रे, असं त्या गोणपाटाला म्हणत होते. शेवटी फाटून अर्धं हातात आलं. त्यावर वाळलेलं रक्त होतं, जन्माचं पाणी होतं, सांडलेलं दूध, मूत, पिसं, कबुतरांचं सगळं काही. उग्र, आंबट, गरम वास. मी बाथरूमच्या फरशीवर मांडी घालून बसले आणि त्या घाणीत पिल्लांना चोळायला लागले. मानेखाली, पायांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी. मगाशी जिथे जिथे चोळून काढलं होतं तिथे तिथे. माझे हात मळले, कुडता मळला, गालावरची बट मागे सारताना तोंडाला लागलं. आतून कोणीतरी मोकळं होऊन हुंदके देत होतं. इतकी घाण मी जन्मात अंगाला लावून घेतली नव्हती. काळ्याला सगळ्यात जास्त वेळ चोळलं. ते गार होतं. त्याची छाती मध्येच एकदा हलायची, मग मी न मोजता नुसती वाट बघायचे, मग पुन्हा एकदा हलायची. त्याला मी कुडत्याच्या आत, छातीशी धरलं आणि बाकीची दोन खोक्यात गोणपाटावर ठेवून खाली आले.

जिन्याच्या तोंडाशी अनंतराव होते, दुधाची पिशवी घेऊन येत होते. माझ्या कुडत्याकडे, हातांकडे, खोक्याकडे त्यांनी पाहिलं.

"आपण होळी फारच लवकर खेळता," ते म्हणाले.

"बाजूला व्हा," मी म्हणाले. अहो नाही, काका नाही, सॉरी नाही. ते भिंतीला लागून उभे राहिले. माझ्या अंगाचा वास त्यांच्यापर्यंत गेला असणार, त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

ती अजून पत्र्यावरच होती, आवाज बसला होता, तोंड उघडायची पण नुसती हवा यायची. मी खोकं खांबाशी ठेवलं, काळ्याला आतून काढून दोघांच्या मध्ये ठेवलं आणि या खेपेला लांब गेले नाही. तिथेच जमिनीवर बसले. ठिपक्याचं ओरडलं. ती उतरली, पण धावत नाही, अंग चोरत, पोट जमिनीला लावून. खोक्यापासून थोडी दूर थांबली. नाक हललं. पुढे झाली. गोणपाटाचं टोक हुंगलं आणि त्याच्यावर गाल घासला. मग करड्याला हुंगलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि मध्ये कुठेतरी तो दुसरा वास लागला असावा, ती थबकली, ओठ वर गेले. घे गं, मी म्हणाले. बाई, घे. माझं चुकलं, त्यांचं नाही. ती शिंकली. आणि जीभ काढून करड्याला चाटायला लागली, खसाखसा, केसांच्या उलट, ते पिल्लू उलटंपालटं होईल एवढ्या जोराने. औषध जिभेला लागून ती पुन्हा पुन्हा तोंड वाकडं करत होती आणि पुन्हा पुन्हा चाटत होती. ते तिच्या पोटात जातंय हे मला दिसत होतं. तिला थांबवावं की नाही ते मला कळत नव्हतं.

मग तिने करड्याला मानेला धरून उचललं आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे, जिथे अजून बांधकाम व्हायचं आहे त्या झुडपांत गेली. मी बसून राहिले. कुठली तरी गाडी रिव्हर्स घेत वाजत होती, ट्यूशनला निघालेल्या दोन मुली नाकाला ओढणी लावून माझ्या बाजूने वळसा घेऊन गेल्या. ती परत आली. ठिपक्याला तिने फार वेळ हुंगलं नाही, चार वेळा चाटलं आणि उचललं. जाताना एकदा थांबून मागे पाहिलं, माझ्याकडे किंवा खोक्याकडे. ये हं लवकर, मी म्हणाले. काळ्याला मी दोन्ही तळव्यांत घेऊन फुंकर घालत होते, नाकावर, छातीवर, नवजात पोरावर फुंकर घालावी तशी, आणि म्हणत होते की ती निघालीच आहे, आता येईल, दोनदा आली तशी.

ती आली. तिसऱ्यांदाही आली ती, हे मला सांगायलाच हवं. मी त्याला खोक्यात ठेवलं. तिने हुंगलं. चाटलं. नाकाने त्याला उलटं केलं, पुन्हा सरळ केलं, आपल्या पोटाशी ओढून तिथेच आडवी झाली आणि त्याच्या तोंडाशी सड आणला. ते हललं नाही. ती उठून बसली. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, मग उठली आणि मागे न बघता भिंतीपलीकडे गेली, आणि झुडपांतून त्या दोघांचा आवाज आला, भुकेला, भांडखोर, आणि मग एकदम बंद झाला, पिल्लं प्यायला लागली की होतो तसा.

फोन वाजला. मला वाटलं सुदर्शन. आई होती. ती स्वतःहून कधी फोन करत नाही, मी कामात असेन म्हणून भिते.

"घेतलं काय वं तिनं?"

"घेतलं."

"तिन्हीईले?"

काळं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या अंगाला आता गोणपाटाचा वास होता, त्याच्या आईच्या जिभेचा होता, आणि खाली कुठेतरी अजून माझ्या औषधाचा.

"तिन्ही घेतली आई. एकेक करून नेली."

आईने श्वास सोडला तो मला अकोल्याहून ऐकू आला. ती रडत होती हे मला तेव्हा कळलं, माझा फोन ठेवल्यापासून.

"मले माईतच होतं," ती म्हणाली. "माय हाये ते. कशानं बी धुवा, मायले लेकरू वळखू येतेच. येते ना वं?"

"येतं," मी म्हणाले आणि पिल्लावर ओढणीचं टोक ओढून घेतलं.